नंदिनीच्या सायकलचा ब्रेक

सेलू, शुक्रवार

प्रिय बजरंग,

आपण खेड्यात वाढलेली, चार पुस्तकं वाचून उभी राहिलेली माणसं. आपली एक जुनी तक्रार आहे आणि ती जेवढी माझी तेवढीच तुझी. आपल्याकडे वस्तू येते, पण ती कशी चालते हे सांगणारं कुणी तिच्यासोबत येत नाही. फवारणीचं औषध येतं, त्यावरची सूचना मुंगीएवढ्या अक्षरांत. पंप येतो, स्टार्टर येतो, मोबाइल येतो. कसं वापरायचं ते आपण शेजाऱ्याचं बघून शिकतो, आणि शेजारी त्याच्या शेजाऱ्याचं बघून शिकलेला असतो. चुकलं की भोगतो मात्र आपण. कॉलेजात असताना आपण दोघांनी याच विषयावर भाषणं ठोकली होती. तू कंपन्यांना धारेवर धरलंस, मी सरकारला, आणि बक्षीस तिसऱ्याच मुलाला गेलं. आज पुन्हा तोच विषय तुझ्यापुढे मांडायला बसलो आहे. समोर सभा नाही, तू एकटा आहेस, आणि तुला हे लिहिणं मला हजारांच्या सभेपेक्षा जड जातं आहे.

तू माझ्यावर रागावला आहेस. राजनंदिनी गेल्यानंतरच्या आठवड्यात तुमच्या गावातून भुजंगच्या सायकल दुकानावर मोर्चा निघाला. ज्याने सायकल विकली, ज्याने ब्रेक बसवला, त्याच्याच निष्काळजीपणाने पोरगी गेली, अशी तक्रार तू ठाण्यात दिलीस. मोर्च्यात मी बोलावं म्हणून तुझा फोन आला. मी नाही म्हणालो. तू म्हणालास, ‘गावोगाव गळा फाडत फिरतूस, आन माझ्या पोरीच्या वक्ताला तुझी जीभ लुळी पडली व्हय रं?’ मोर्च्यात दुकानाची काच फुटली. तेव्हापासून भुजंगचं शटर खाली आहे. त्याच्याकडे कुणी हवा भरायलाही जात नाही, आणि त्याची बायको किराणा आणायला गेली की दुकानदार आधी दुसऱ्यांना माल देतो.

मी मोर्च्यात बोललो नाही त्याचं कारण एवढंच की ब्रेक का लागला नाही हे मला ठाऊक नव्हतं. अन्याय दिसला की मी ओरडतो, हा माझा स्वभाव तुला माहीत आहे. पण जे कळलं नाही त्यावर ओरडायचं नाही, हा नियम मी मोठ्या कष्टाने स्वतःला लावून घेतला आहे. म्हणून मी वाचायला लागलो. मराठीचा मास्तर, कधी पाना हातात धरला नाही, पण हे दिवस मी डिस्क ब्रेकबद्दल मिळेल ते वाचत, चित्रं बघत, सेलूच्या दुकानांतून उभं राहून बघत काढले. तुला आधी ते सगळं सांगतो. कंटाळू नकोस. हे कळल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

आपली जुनी सायकल आठव. तुझ्या वडिलांची, सूर्यभानकाकांची, काळी, दांड्याची. तिचा ब्रेक चाकाच्या रिमवर चालायचा. मूठ दाबली की रबराचे दोन तुकडे रिमला दोन्हीकडून घासायचे. रबर झिजलेलं असायचं, रिम वाकडी असायची, आणि पावसाळ्यात काळी माती चाकाला अशी चिकटायची की ब्रेक दाबला तरी रबर चिखलावरून नुसतं सरकायचं. म्हणून तू पुढे बसून हँडल धरायचास, मी मागे कॅरिअरवर, आणि थांबायचं झालं की तू ओरडायचास, ‘नाग्या, पाय टेक!’ माझी चप्पल हाच आपला ब्रेक होता. माझे बाबा विचारायचे, ‘हे पोरगं चपल खातंय का काय?’ तेव्हा आपण हसायचो. आपल्याला काही झालं नाही, हा आपल्या नशिबाचा भाग. त्यात शहाणपण काही नव्हतं.

डिस्क ब्रेक वेगळा. चाकाच्या मधोमध, आसाजवळ, एक पातळ पोलादी चकती बसवलेली असते आणि ती चाकाबरोबर फिरते. सायकलच्या सांगाड्याला एक चिमटा घट्ट बसवलेला असतो, त्याला कॅलिपर म्हणतात. चिमट्यात दोन लहान पॅड, चकतीच्या एका बाजूला एक, दुसऱ्या बाजूला एक. मूठ दाबली की तार ओढली जाते, चिमटा मिटतो आणि पॅड चकतीला दोन्हीकडून आवळतात. महागड्या सायकलीत तारेच्या जागी बारीक नळी असते, आणि तिच्यातलं तेल पॅडना ढकलतं. नंदिनीची तारेची होती. आता चाक थांबतं ते कशाने? घासण्याने. पॅड आणि चकती एकमेकांना घासतात, सायकलीचा वेग उष्णतेत जिरतो, चकती तापते. मोठा उतार उतरून आलेल्या सायकलीच्या चकतीला बोट लावलं तर चटका बसतो. तो चटका म्हणजे अंगातून उतरलेला वेग. एवढंच आहे सगळं. घासणं आहे तोवर थांबणं आहे.

तू डिस्कचीच सायकल घेतलीस, आणि विचार करून घेतलीस. जून ते सप्टेंबर तुमच्या गावचा रस्ता म्हणजे चिखल, आणि चिखल चढतो तो रिमवर. चकती वर आसाजवळ राहते. चाक चिखलपाण्यातून गेलं तरी ती बऱ्यापैकी कोरडी असते, ओली झाली तरी पॅडच्या दोन-चार घासण्यांत पाणी निपटून जातं. चाक थोडं वाकलं तरी ब्रेक अडत नाही. रिम झिजत नाही. मुठीला फार जोर लागत नाही, मुलींच्या बोटांना बरं. आणि जिंतूरच्या अलीकडचा तो डोंगराचा उतार. तू भुजंगच्या दुकानात म्हणाला होतास ना, ‘पैशाचं बघू मागून, पण उताराला धरली पायजे’? भुजंगने मला ते सांगितलं. तुझी निवड बरोबर होती, बजरंग. हे वाक्य मी सांत्वनासाठी लिहीत नाही. मी वाचलेलं सगळं हेच सांगतं.

पण या ब्रेकची दुसरी बाजूही आहे, आणि ती आपल्याला कुणी सांगितली नाही. तो जड असतो. चकती पातळ असते, सायकल आडवी पडली किंवा बसच्या टपावर टाकली की किंचित वाकते आणि मग चाक फिरताना सतत कुरकुरते. पॅड चिमट्याच्या आत लपलेले असल्यामुळे किती झिजले ते वरून दिसत नाही. तार सैलावली की पुन्हा ओढून घ्यावी लागते. तेलाच्या नळीत हवा शिरली तर आपल्या तालुक्यात तो ब्रेक दुरुस्त करणारा शोधावा लागेल. हे सगळे त्रास, पण जीवघेणे नाहीत, कारण हे बिघाड आवाज करतात, मुठीला जाणवतात, माणसाला आधी कळतात.

एक बिघाड मात्र गुपचूप होतो. त्या चकतीला तेल चालत नाही. थेंबभरसुद्धा नाही. पॅड दगडासारखे दिसतात, पण आतून सच्छिद्र असतात. भाकरीचा कोर कालवणात टेकवला की कसा ओढून घेतो, तसं ते तेल ओढून घेतात. मग चकती पुसा, धुवा, उपयोग नाही. पॅडच बदलावे लागतात. आणि सगळ्यात वाईट हे की मुठीला काहीच कळत नाही. मूठ पूर्वीसारखीच घट्ट लागते, चिमटा मिटतो, पॅड चकतीला आवळतात, सगळं जागच्या जागी असतं. फक्त घासणं नसतं.

इथे मी बराच वेळ थांबलो होतो, बजरंग. तूही थांब हवं तर.

आपल्या जगात तेल म्हणजे माया. बैलगाडीच्या आसाला वंगण, कडबा कापायच्या यंत्राला तेल, शिलाई मशीनला तेल, मोटेच्या चाकाला तेल, बाळाच्या टाळूला तेल. जे कुरकुरतं, जे शिणतं, त्याला आपण तेल देतो. सूर्यभानकाका खंडेनवमीला सगळी अवजारं धुऊन ओसरीवर मांडायचे. नांगराचा फाळ, कुऱ्हाड, विळे, पास, आणि ती काळी सायकल. करडईच्या तेलात चिंधी बुडवून प्रत्येकाला पुसायचे, मग हळदकुंकू, मग झेंडूची माळ. आमच्या घरी पूजा नव्हती, पण सायकलीला तेल द्यायला काका मलाही बोलवायचे. म्हणायचे, ‘वर्सभर राबतंय ते. आज त्याच्या अंगाला हात लावा, आन आज त्याला काम सांगू नका.’ तुझ्या घरात जोपासलेली ती रीत मला नेहमी आवडली. मी सभांमधून कर्मकांडावर कोरडे ओढतो, तू चिडवतोस. पण राबणाऱ्या वस्तूचे उपकार मानणाऱ्या माणसावर मी कधी बोललो नाही.

यंदाच्या खंडेनवमीला मी तुमच्याकडे नव्हतो. दुसऱ्या दिवशी धम्मचक्र प्रवर्तन दिन, मी परभणीच्या सभेच्या तयारीत होतो. म्हणून त्या दिवसाबद्दल मला कळलं ते शिवकन्यावहिनींकडून, परवा भेटायला आलो तेव्हा. तू शेतात होतास. सोयाबीनची रास पडून आहे म्हणून गेलास म्हणे. वहिनी चहा ठेवता ठेवता आपणहून बोलायला लागल्या. ‘यंदा लय हौसंनं केलती ओ पूजा त्यांनी, भाऊजी. सायकल नवी ना पोरीची. येक येक भाग पुसला. पोरगी म्हणायली, बाबा, बास करा की, लगीन लावायलाव का सायकलीचं? तर हे म्हणले, तुझं लागायला लय येळ हाय, तवर हिचंच लावतो. दोन्ही चाकाच्या त्या चकत्या बी तेल लावून अशा केल्या, तोंड बघून घ्यावं त्यात.’ आणि बजरंग, त्या हसल्या. तेरावं झाल्यापासून त्या पहिल्यांदा हसल्या असाव्यात. त्यांना ती आठवण लख्ख आणि गोड वाटत होती.

मग मी सायकल बघायला मागितली. पंचनाम्यानंतर परत मिळालेली ती सायकल तू गोठ्यात ताडपत्रीखाली ठेवली आहेस. पुढचं चाक तर पार मुडपलं आहे. मागचं शाबूत आहे. वहिनींना म्हणालो, मागच्या ब्रेकची मूठ दाबून धरा. त्यांनी धरली. मूठ घट्ट होती. अर्ध्यातच अडत होती, हँडलला टेकत नव्हती. नट सैल असता, तार निसटलेली असती, तर मूठ सरळ हँडलला जाऊन चिकटली असती. भुजंगने ब्रेक नीट बसवला होता. मी चाक उचललं आणि हाताने जोर लावला. चाक फिरलं. आवळलेल्या पॅडच्या मधून चकती मुकाट्याने सरकत गेली. मी पॅडजवळ नाक नेलं. करडईच्या तेलाचा वास अजून होता, आणि चकतीच्या भोकांच्या कडेला कुंकू. वहिनींनी विचारलं, ‘काय झालं ओ भाऊजी?’ मी म्हणालो, काही नाही. त्यांना मी काही सांगितलेलं नाही.

आता तो क्रम तूच लावून बघ. खंडेनवमीला तेल लागलं. त्या दिवशी सायकलीला काम सांगायचं नाही, म्हणून ती माळ घालून ओसरीवर उभी राहिली. दसऱ्याला शिकवणीला सुट्टी. तिसऱ्या दिवशी सकाळी नंदिनी निघाली. गावापासून उताराच्या माथ्यापर्यंत रस्ता सपाट, ब्रेक लावायची वेळ येतच नाही. पहिल्यांदा तिने मूठ दाबली ती उतारावर. कापूस वेचायला आलेल्या छबूबाईने तिला ओरडताना ऐकलं, ‘लागंना, लागंना!’ छबूबाई सांगते, पोरीने पाय टेकवले होते, चपला फरफटत होत्या. खाली पोत्यांनी भरलेला ट्रॅक्टर वळत होता. पुढचं तुला ठाऊक आहे. तिची मूठ शेवटपर्यंत घट्ट होती, बजरंग. तिने काहीच चुकीचं केलं नाही.

हे कळल्यावर मी रात्रभर स्वतःशी भांडलो. एक मन म्हणालं, गप्प बस. पोर परत येणार नाही, आणि जो बाप कसाबसा उभा आहे त्याला तू कशाला पाडतोस? खूप ग्रंथ वाचले, पण अशा वेळी एकही मदतीला आला नाही. मग काल मी जिंतूरला भुजंगच्या घरी गेलो. तो भिंतीला टेकून बसला होता, दाढी वाढलेली. मी त्याला काही सांगायच्या आधीच तो म्हणाला, ‘सर, आता मलाच वाटायलंय, येखादा नट ढिला ऱ्हायला आसंल माज्या हातून. रोज झोपंत मी तीच सायकल खोलतो, तेच नट आवळतो. सोमवारी ठाण्यात बोलवलंय. जातो आन व्हय म्हणून सांगून टाकतो. निदान आतली कुरतड तरी थांबंल.’ मी विचारलं, चकतीला तेल लावू नये हे तू सायकल देताना सांगितलं होतंस का? त्यालाच माहीत नव्हतं. खोक्यात इंग्रजीतली एक घडी केलेली चिठ्ठी येते, ती तो खोक्याबरोबरच टाकून देतो. त्याला शिकवलं त्या दुकानदारालाही कुणी सांगितलेलं नसणार. खरं कारण मी त्याला अजून सांगितलेलं नाही; ते आधी तुला कळायला हवं. एक माणूस, ज्याने आपलं काम चोख केलं, तो न केलेला गुन्हा स्वतःच्या हातावर शोधतो आहे, आणि आपण सगळे मिळून त्याला तो शोधून देतो आहोत.

कुणी तुला म्हणेल, पूजेने पोर मारली. माझ्या बाजूचेच लोक म्हणतील, आणि जोरात म्हणतील. मी त्यांच्या आडवा उभा राहीन. पूजा नसती तरी एखाद्या रविवारी चकती कुरकुरली असती आणि तू तेलाची चिंधी घेऊन बसला असतास, कारण जन्मभर प्रत्येक यंत्राने तुझ्याकडे तेलच मागितलं होतं. हे एकच यंत्र वेगळं आहे, हे तुला सांगणं ज्यांचं काम होतं, ते फक्त विकून मोकळे झाले. तुझ्या हातांनी मायेनेच काम केलं. पण त्या हातांनीच भुजंगच्या विरोधातल्या कागदावर सही केली आहे, आणि माया तिथे लागू होत नाही. तिथे खरं-खोटं लागू होतं. तू आजवर एका माणसाचंही वाईट केलं नाहीस. अजाणता झालेल्या एका गोष्टीचं ओझं तुला जन्मभर वाहावं लागणार आहे, ते मी हलकं करू शकत नाही. पण जाणूनबुजून केलेल्या दुसऱ्या गोष्टीचं ओझं मी तुझ्यावर चढू देणार नाही. आजपर्यंत तुला ठाऊक नव्हतं. हे पत्र वाचलंस की ठाऊक झालं.

म्हणूनच हे लिहिलं, आणि टपालाने उशीर नको म्हणून तुमच्या गावच्या एस.टी.च्या कंडक्टरबरोबर पाठवतो आहे. फोन केला असता तर माझा आवाज चढला असता, तुझाही चढला असता, आणि मी नेहमीसारखं भाषण केलं असतं. मला तुला जिंकायचं नाही. शिवी दे, दार लाव, आयुष्यभर बोलू नकोस, मला सगळं मान्य आहे. वहिनींना सांगायचं तर तूच सांग, कधी आणि कसं ते तुझं तू ठरव. पण भुजंगला थांबायला वेळ नाही. सोमवारी सकाळी तो ठाण्यात जाईल आणि आपल्याच गळ्यात दोर घालून घेईल. त्याच्या आधी तू तिथे पोच. मी सकाळच्या पहिल्या एस.टी.ने येतो आणि ठाण्याच्या फाटकापाशी थांबतो, हवं तर तुझ्या मागे, नको तर लांब. आत जा, आणि पुरवणी जबाब दे: चकतीला तेल मी लावलं होतं, भुजंगने ब्रेक नीट बसवला होता.

तू बोल ना बोल, तुझाच
नागसेन